नेम बरोबर, धडक बरोबर, तरी स्फोट का नाही? युद्धखेळातला टॉर्पेडो खरा करताना

पाणबुडीचा सिम्युलेशन गेम खेळणाऱ्याला कधी ना कधी हे कोडं पडतंच. साल १९४३, पॅसिफिक महासागर. पेरिस्कोपमध्ये जपानी मालवाहू जहाज, अंतर हजार मीटर, कोन अगदी काटकोन. वेग मोजला, गणित लावलं, टॉर्पेडो सोडला. चाळीसेक सेकंदांनी लोखंडावर काहीतरी आदळल्याचा ठण्ण आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. जहाज आपल्या वाटेनं निघून जातं.

खेळाडू म्हणतो, गेममध्ये बग आहे. पण अमेरिकी पाणबुड्यांवरच्या कप्तानांना त्या युद्धात हेच अनुभवावं लागलं, जवळजवळ पावणेदोन वर्षं. गडबड वेगळीच आहे. बरेच गेम ही घटना दाखवतात, पण चुकीच्या कारणानं. आत एक फासा फिरतो, ‘शंभरातले तीस टॉर्पेडो फुसके’ एवढाच नियम असतो. खऱ्या टॉर्पेडोच्या प्रत्येक अपयशाला भौतिक कारण होतं. ते कारण गेममध्ये उतरवलं की कोडं सुटतं आणि खेळही खोल होतो. ते कसं करायचं, हे इथे पाहू. उदाहरण अमेरिकेच्या मार्क १४ टॉर्पेडोचं घेतलं आहे, कारण त्याच्या दोषांच्या चाचण्या नोंदलेल्या आहेत आणि आकडे हाताशी आहेत.

टॉर्पेडो म्हणजे काय

आपल्याकडे टॉर्पेडो म्हटलं की ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ बुडालेली ‘आयएनएस खुकरी’ आठवते. तिला लागलेला टॉर्पेडो आवाजाचा माग काढत जाणारा होता. इथे ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो त्याच्या आधीच्या पिढीचा. त्याला कान नाहीत, डोळे नाहीत. दिशा आणि खोली सांगून सोडला की सांगितल्या वाटेनं जातो, एवढंच.

मार्क १४ म्हणजे सव्वासहा मीटर लांब, ५३३ मिलिमीटर जाड आणि दीड टनाच्या आसपास वजनाची बिनमाणसांची छोटी पाणबुडी. पुढच्या टोकात स्फोटकं: युद्धाच्या सुरुवातीला टीएनटी, नंतर २९२ किलो टॉर्पेक्स. त्याला चिकटून स्फोट घडवणारी यंत्रणा, तिला पुढे आपण ‘चाप’ म्हणू. मध्यभागी दाबाखालच्या हवेची टाकी. मागे अल्कोहोल जाळून वाफ करणारं इंजिन, दोन उलटसुलट फिरणारे पंखे आणि सुकाणू. दिशा सांभाळायला जायरो, म्हणजे वेगानं फिरणारी जड चकती. ती भोवऱ्यासारखी आपली दिशा सोडत नाही. खोली सांभाळायला पाण्याचा दाब मोजणारा पडदा आणि एक लंबक.

वेग दोन. ४६ नॉटवर सुमारे ४,१०० मीटरचा पल्ला, साडेएकतीस नॉटवर सुमारे ८,२०० मीटरचा. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सेकंदाला ०.५१ मीटर. म्हणजे वेगवान टॉर्पेडो सेकंदाला जवळजवळ २४ मीटर जातो.

साध्या गेममध्ये यातलं काहीच नसतं. एक सरळ रेषा, तिच्या टोकाला जहाजाचा ठोकळा, ठोकळ्याला शंभर गुण, टॉर्पेडो लागला की साठ वजा. टॉर्पेडो खरा करायचा तर चार प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. तो कुठे जातो? किती खोल जातो? फुटतो का? फुटल्यावर काय होतं?

कुठे जातो: क्षेत्ररक्षकाचं गणित

सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडूच्या मागे पळत नाही. चेंडू जिथे पोचणार तिथे पळतो. टॉर्पेडोचंही तसंच. जहाज आणि टॉर्पेडो एकाच वेळी एकाच बिंदूवर यायला हवेत, म्हणून जहाजाच्या पुढे काही अंशांवर नेम धरायचा.

जहाज तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात जात असेल तर या पुढच्या कोनाचा साइन म्हणजे जहाजाचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग. १२ नॉटचं जहाज, ४६ नॉटचा टॉर्पेडो: १५ अंश. टॉर्पेडो ३१ नॉटचा असेल तर जवळजवळ २३ अंश. पुष्कळांना पटत नाही अशी एक गोष्ट यात आहे. टॉर्पेडो पाणबुडीच्या तोंडाशी असलेल्या सोडण्याच्या नळीतून निघून सरळ जात असेल तर या सूत्रात अंतर येतच नाही. त्रिकोण लहान असो वा मोठा, कोन तेच राहतात. टॉर्पेडोला नळीतून निघाल्यावर वळण घ्यायचं असेल तेव्हा मात्र अंतराची चूक नडते. म्हणून जाणते कप्तान पाणबुडीचं तोंडच योग्य दिशेला आणून, जायरोला कमीत कमी वळण देऊन मारा करायचे. गेममध्ये टॉर्पेडो नळीच्या तोंडातूनच ठरलेल्या दिशेला उगवत असेल तर हा सगळा विचार वाया जातो. थोडं सरळ जाणं, मग ठरावीक त्रिज्येचं वळण, मग पुन्हा सरळ, असा तीन टप्प्यांचा मार्ग ठेवा.

अंतर सूत्रात नसलं तरी चुकीची किंमत अंतरावर ठरते. जहाजाच्या वेगाचा अंदाज एका नॉटनं चुकला असं धरा. हजार मीटरवर टॉर्पेडो ४२ सेकंद धावतो, तेवढ्यात जहाज तुमच्या अंदाजापासून २२ मीटर सरकलेलं असतं. १२० मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल तर टॉर्पेडो तरीही लागतो. तीन हजार मीटरवर तीच चूक ६५ मीटर होते, म्हणजे टॉर्पेडो जहाजाच्या टोकाबाहेरून जातो. गेम बनवणारे लांबच्या माऱ्याला मुद्दाम ‘अचूकता कमी’ असा नियम लावतात. तो नको. वेग मोजण्याची साधनं खऱ्याइतकीच ढोबळ ठेवा, बाकी काम त्रिकोण करतो.

टॉर्पेडोची स्वतःची चूक त्यात मिसळा: दिशेत अंश-अर्धा अंश, वेगात अर्ध्या नॉटच्या आतबाहेर. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साडेसतरा मीटर. एवढ्यानंसुद्धा तीन-चार टॉर्पेडो काही सेकंदांच्या अंतरानं पंख्यासारखे पसरून का सोडायचे, हे खेळाडूला आपोआप कळतं.

किती खोल जातो: ट्रकच्या शेजारून जाणारी दुचाकी

मार्क १४ चा पहिला मोठा दोष इथला. खोली सांगितली ३ मीटर, तर तो जायचा सहा-साडेसहावर. जून १९४२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अल्बानीजवळ, फ्रेंचमन बेमध्ये, रिअर ॲडमिरल चार्ल्स लॉकवुड यांनी कोळ्यांचं जाळं पाण्यात उभं लावून त्यावर ‘स्किपजॅक’ पाणबुडीतून टॉर्पेडो सोडायला लावले आणि भोकं कुठे पडली ते मोजायला लावलं. १० फुटांवर लावलेल्या पहिल्या टॉर्पेडोनं २५ फुटांवर भोक पाडलं. सरासरी चूक निघाली सुमारे ११ फूट. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या शस्त्रविभागालाही ते मान्य करावं लागलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. महामार्गावर दुचाकी चालवताना शेजारून भरधाव ट्रक गेला की आपण ट्रककडे ओढले जातो, कारण मधल्या वेगवान हवेत दाब कमी होतो. टॉर्पेडोत दाब मोजणारं छिद्र शेपटीच्या निमुळत्या भागात होतं आणि तिथून पाणी वेगानं वाहत होतं. छिद्राला दाब खऱ्यापेक्षा कमी भासायचा. यंत्रणेला वाटायचं, आपण अजून वरच आहोत, चला खाली. भर म्हणून, कारखान्यातल्या चाचण्या हलक्या सरावी टोकानं झाल्या होत्या. लढाईतलं टोक जड होतं.

गेममध्ये उतरवताना: खरी खोली म्हणजे सांगितलेली खोली, अधिक कायमची चूक, अधिक डोलणं. कायमची चूक ऑगस्ट १९४२ पर्यंत सरासरी ३.३ मीटर ठेवा, एका टॉर्पेडोपासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या मीटरचा फरक. डोलणं सुरुवातीला जास्त असतं. नळीतून निघालेला टॉर्पेडो आधी खोल बुडी मारतो, मग वर येतो, मग पुन्हा थोडा खाली, झोपाळा थांबत जावा तसा. इंग्रज अभियंता रॉबर्ट व्हाइटहेड यांनी १८६६ मध्ये फिउमे (आजच्या क्रोएशियातलं रिएका) इथे पहिला टॉर्पेडो बनवला, त्यात दाबाचा पडदा होता. नुसत्या पडद्यावर तो वरखाली उड्या मारत जायचा. पडद्याला लंबक जोडला तेव्हा तो शांत झाला. तुमच्या गेममधला टॉर्पेडो जर भयानक उड्या मारत असेल तर कोडमध्ये लंबक विसरलेला असतो: नुसत्या खोलीच्या फरकावर सुकाणू हलवू नका, टॉर्पेडोचं नाक किती झुकलं आहे तेही त्यातून वजा करा.

आता परिणाम पाहा. साडेतीन-चार मीटर बुडालेल्या विनाशिकेवर ३ मीटरचा टॉर्पेडो सोडला तर तो खालून निघून जाईल. सात मीटर बुडालेल्या भरल्या मालवाहू जहाजाला तोच टॉर्पेडो लागेल. दोष एकच, पण कधी दिसतो कधी लपतो. फाशातून असं येत नाही.

जर्मन पाणबुड्यांचा गेम असेल तर कारण बदलतं. त्यांचे टॉर्पेडोही खोल जायचे, एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत यामुळे फार नामुष्की झाली. तिथे पाणबुडीच्या आतली वाढलेली हवा टॉर्पेडोच्या खोली-यंत्रणेच्या बंद कप्प्यात झिरपत होती. बराच वेळ बुडी मारून राहिलं की आतला दाब वाढतो, मग टॉर्पेडो जास्त खोल जातो. हे त्यांना १९४२ च्या सुरुवातीला उमगलं. म्हणजे त्या गेममध्ये चूक ठरावीक ठेवायची नाही, पाण्याखाली काढलेल्या तासांशी जोडायची.

फुटतो का, भाग पहिला: चुंबकी चाप

मार्क १४ वर मार्क ६ नावाचा चाप होता. त्यात दोन यंत्रणा: एक चुंबकी, एक धडकेची. चाप सुरुवातीला निष्क्रिय असतो. पाण्याच्या प्रवाहानं एक लहान भिंगरी फिरते आणि सुमारे ४१० मीटर गेल्यावर चाप जिवंत होतो, म्हणजे आपल्याच पाणबुडीजवळ स्फोट होऊ नये. गेममध्ये हे अंतर हवंच. ३०० मीटरवरून मारलेला टॉर्पेडो नुसता आदळून बुडाला पाहिजे.

चुंबकी यंत्रणेची कल्पना मोठी होती. लोखंडी जहाज आपल्या भोवतीचं पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र वाकवतं. टॉर्पेडो जहाजाखालून जाताना तो बदल ओळखेल आणि थेट कण्याखाली, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य तुळईखाली, फुटेल. पण यंत्रणेची जुळवणी झाली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला, जवळजवळ साडेएकेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर. तिथे पृथ्वीच्या चुंबकी रेषा जमिनीत तीव्र उतारानं शिरतात. विषुववृत्ताजवळ त्या जवळजवळ आडव्या असतात आणि जहाजाभोवतीचा बदलही वेगळ्या आकाराचा असतो. लढाई तर तिकडेच होती. परिणाम: काही टॉर्पेडो जहाजाखालून गुपचूप गेले, काही चाप जिवंत होताच वाटेतच फुटले.

विमानातून टाकलेल्या टॉर्पेडोंनाही हे चुकलं नाही. २६ मे १९४१ ला ब्रिटिश विमानवाहू ‘आर्क रॉयल’वरच्या स्वोर्डफिश विमानांनी जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ समजून आपल्याच ‘शेफील्ड’ या नौकेवर हल्ला केला. कित्येक टॉर्पेडो पाण्यात पडताच चुंबकी चापानं फुटले, म्हणून ‘शेफील्ड’ वाचली आणि दोषही उघड झाला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या हल्ल्यात धडकेचे चाप लावले आणि एका टॉर्पेडोनं ‘बिस्मार्क’चं सुकाणू निकामी केलं.

गेममध्ये दोन आकडे पुरतात: वाटेत फुटण्याची शक्यता, आणि कण्याखाली किती अंतरापर्यंत चाप ओळखेल ती मर्यादा. दोन्ही अक्षांशावर अवलंबून ठेवा आणि समुद्र खवळला असेल तर वाटेत फुटण्याची शक्यता वाढवा. खोलीची चूक इथेही नडते. सात मीटर बुडालेल्या जहाजाखाली दीड मीटरवरून न्यायचा म्हणून साडेआठ मीटर सांगितले, टॉर्पेडो गेला बारावर, आणि कण्यापासून पाच मीटर खाली चापाला काहीच जाणवलं नाही. अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांनी २४ जून १९४३ ला पर्ल हार्बरच्या पाणबुड्यांवरचे चुंबकी चाप बंद करायला सांगितले. ऑस्ट्रेलियातल्या ताफ्यात ते आणखी काही महिने चालू राहिले, म्हणून तळ कोणता यावर गेममधली तारीख बदलली पाहिजे.

भाग दुसरा: धडकेचा चाप, आणि दारावर रेलून उभा असलेला माणूस

आता लेखाच्या सुरुवातीचं कोडं. चुंबकी चाप बंद केले तेव्हा त्यामागे लपलेला तिसरा दोष बाहेर आला.

२४ जुलै १९४३ ला पॅसिफिकमधल्या ट्रुक या जपानी नौदल तळाच्या पश्चिमेला अमेरिकेच्या ‘तिनोसा’ पाणबुडीला १९,००० टनांचं ‘तोनान मारू क्रमांक ३’ सापडलं, मूळचं व्हेलचं मांस-तेल काढणारं जहाज, तेव्हा तेलवाहू म्हणून वापरात. तिरक्या कोनातून सोडलेल्या काही टॉर्पेडोंनी ते जागीच थांबलं. मग कप्तान डॅन डॅस्पिट यांनी सुमारे ८०० मीटरवर, अगदी काटकोनात, पुस्तकात दाखवतात तशी जागा घेतली आणि एकामागून एक नऊ टॉर्पेडो सोडले. नऊच्या नऊ फुसके. सोडलेल्या पंधरांपैकी अकरा फुटले नाहीत. उरलेला एक त्यांनी तपासणीसाठी परत आणला.

म्हणजे नेम जितका चांगला, तितका टॉर्पेडो फुसका! ऑगस्टअखेर हवाईच्या काहूलावे बेटावर खडकाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून पाहिले. तिसरा फुटला नाही, तो उचलून उघडला. मग स्फोटकं न भरलेली टोकं ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली. काटकोनात दहांपैकी सात चाप निकामी. पत्रा ४५ अंशांत कलवला तर निकामी होण्याचं प्रमाण निम्म्यावर.

दारावर कोणी रेलून उभा असेल तर कडी सरकत नाही. जितका जोर लावून रेलेल तितकी ती घट्ट. चापातला खिळा टॉर्पेडोच्या प्रवासाला आडवा सरकून स्फोटकावर आदळायचा होता. ४६ नॉटच्या टॉर्पेडोला पोलाद क्षणात थांबवतं, तेव्हा तो जड खिळा आपल्याच वजनानं बाजूच्या खोबणीवर असा दाबला जायचा की घर्षणात अडकून पडायचा. जुन्या, सुमारे ३३ नॉटच्या टॉर्पेडोंत हीच रचना नीट चालली होती. वेग वाढला आणि कडी अडकली. उपाय साधा होता: हलक्या मिश्रधातूचा खिळा. सप्टेंबर १९४३ अखेर सुधारलेले टॉर्पेडो समुद्रावर गेले.

गेमसाठी एक छोटं सूत्र इथे फार उपयोगी पडतं. टॉर्पेडोच्या वेगाला धडकेच्या कोनाच्या साइननं गुणा, हा ‘काटकोनी वेग’. त्याला ४६ नं भागा, वर्ग करा, ०.७ नं गुणा. ही फुसका निघण्याची शक्यता. ४६ नॉट, ९० अंश: ७० टक्के. ६० अंश: साडेबावन्न. ४५ अंश: बरोबर ३५, म्हणजे निम्मे. चाचणीत आलं तेच. ३० अंश: साडेसतरा. आणि वेग साडेएकतीस नॉटवर उतरवला तर काटकोनातही ७० चे ३३ होतात. एका ओळीच्या नियमातून तीन वेगळ्या गोष्टी बाहेर येतात, कारण नियम घटनेच्या मुळाशी बसवला आहे.

०.७ हा आकडा मात्र देवाघरचा समजू नका. चाचणी दहाच टोकांची होती. ७० टक्के खरं धरलं तर ओळीनं नऊ फुसके निघण्याची शक्यता शंभरात चार इतकीच येते. ०.८ ठेवलं तर ती शंभरात तेरा होते. ०.७ ते ०.८ मध्ये कुठेही ठेवा, चालेल. अगदी निसटत्या कोनात, वीसेक अंशांच्या खाली, टॉर्पेडो अंगावरून घसरून जाऊ द्या.

‘मग सरळ सत्तर टक्के फुसके ठेवा ना, कोन कशाला?’

हा आक्षेप हमखास येतो. उत्तर असं: फाशासमोर खेळाडू काहीच शिकू शकत नाही. कारणासमोर शिकू शकतो. वरच्या नियमात १९४३ चा खेळाडू तिरका मारा करायला, कमी वेग वापरायला लागेल. प्रत्यक्षातही काहूलावेच्या चाचण्यांनंतर समुद्रावरच्या पाणबुड्यांना तिरक्या कोनातून मारण्याचीच सूचना गेली होती. गेममध्ये ती सूचना यायच्या आधीच एखाद्या चौकस खेळाडूला हे उमगलं, तर त्याहून मोठा आनंद गेम देऊ शकत नाही.

फाशाचं दुसरं दुखणं म्हणजे जुना सेव्ह उघडून पुन्हा मारणं. फासा धडकेच्या क्षणी पडत असेल तर खेळाडू तोच टॉर्पेडो फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा मारतो. खऱ्या टॉर्पेडोचा दोष कारखान्यातून येतो, धडकेच्या क्षणी जन्मत नाही. म्हणून तळावर टॉर्पेडो चढवतानाच प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्याच्या नावावर तीन-चार आकडे कायमचे लिहून ठेवा: खोलीची चूक, दिशेची चूक, खिळा किती घट्ट. अमेरिकेच्या गॅटो वर्गाच्या पाणबुडीवर २४ टॉर्पेडो, म्हणजे शंभरही आकडे होत नाहीत. मग सेव्ह कितीदाही उघडा, तोच टॉर्पेडो त्याच कोनात तसाच वागेल. कोन बदलला तर मात्र फुटू शकेल.

‘पण बिघाड कुठला, हे खेळाडूला कळणार कसं?’

कळलं नाही तर सगळी मेहनत फुकट. पडद्यावर ‘चाप निकामी’ अशी पाटी मात्र नको. कप्तानाकडे घड्याळ होतं, सोनारवाल्याचे (पाण्यातले आवाज ऐकणाऱ्याचे) कान होते आणि पेरिस्कोप होता. तेवढंच द्या, पण नीट द्या.

सतराव्या-अठराव्या सेकंदाला स्फोट: टॉर्पेडो ४१० मीटरवर चाप जिवंत होताच फुटला. ठरल्या वेळी ठण्ण आवाज, जहाजाच्या अंगाशी पाण्याचा बारीकसा फवारा, स्फोट नाही: खिळा अडकला. तो फवारा धडकेनं फुटलेल्या हवेच्या टाकीचा असतो. वेळ उलटून गेली, पंख्यांचा आवाज जहाजापलीकडे चालूच: टॉर्पेडो खालून गेला. सोनारवाल्याच्या तोंडी ही तीन वेगळी वाक्यं घातली की खेळाडू स्वतः निदान करतो.

फुटल्यावर

इथे गुण वजा करण्याची पद्धत सोडा. बाजूला फुटलेला टॉर्पेडो भोक पाडतो, कण्याखाली फुटलेला वायूच्या फुग्यानं जहाज मधोमध उचलतो, फुगा विरतो तेव्हा आधार जातो आणि कणा मोडतो. पहिल्यासाठी जहाजाचे कप्पे करून पाणी भरा. पाच मीटर खोलीवर एक चौरस मीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण साडेतीनशे टन पाणी आत येतं. माल काय आहे तेही बघा: खनिज भरलेलं जहाज दगडासारखं जातं, लाकूड भरलेलं तासन्‌तास तरंगतं, तेलवाहूचे अनेक बंद कप्पे त्याला धरून ठेवतात. ‘तोनान मारू’ त्या दिवशी बुडालं नाही ते यामुळेही.

वाफेचा टॉर्पेडो बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडतो. बुडबुडे वर यायला वेळ लागतो. पाच सेकंद धरले तर रेघेचं दिसणारं टोक टॉर्पेडोच्या ११८ मीटर मागे असतं. गेममध्ये रेघ टॉर्पेडोला चिकटवलेली असेल तर जहाजावरचा टेहळ्या तो खरा जिथे आहे तिथेच ओळखतो आणि जहाज अन्यायानं वाचतं. १९४३ च्या उत्तरार्धात आलेल्या विजेवरच्या मार्क १८ ला रेघ नव्हती, पण वेग २९ नॉट आणि पल्ला सुमारे ३,६५० मीटर. दिवसा न दिसणारा की दीडपट चुका माफ करणारा, अशी खरी निवड खेळाडूपुढे येते.

आणि एक भयंकर शक्यता: सुकाणू किंवा जायरो अडकला तर टॉर्पेडो गोल फिरून परत येतो. मार्च १९४४ मध्ये ‘टलिबी’ आणि २५ ऑक्टोबर १९४४ ला ‘टँग’ या पाणबुड्या आपल्याच टॉर्पेडोनं बुडाल्या. ‘टलिबी’वरचा एक जण वाचला, ‘टँग’वरचे नऊ. गेममध्ये ही शक्यता अगदी कमी ठेवा, पाचशेत एक पुरे, पण ठेवा. सोनारवाल्यानं ‘आवाजाची दिशा फिरतेय’ असं ओरडून सांगावं आणि तातडीनं बुडी मारायला वेळ मिळावा, म्हणजे खेळाडूच्या हातात काहीतरी राहील.

‘एवढं खरं केलं तर मजा जाईल’

ज्याला नुसती जहाजं बुडवायची आहेत त्याच्यासाठी दोष बंद करायचं बटण द्या, वाद मिटला. ‘सायलेंट हंटर’ मालिकेतही वास्तवाचे पर्याय एकेक करून चालू-बंद करता येतात. पण तीनही दोष तारखेनुसार चालू ठेवून मोहीम खेळली की एक वेगळीच गोष्ट घडते. खोलीचा दोष सुटतो तेव्हा चुंबकी चापाचा दोष ठळक होतो. तो बंद केला की खिळ्याचा दिसतो. एकाआड एक लपलेल्या दोषांमुळे त्या काळात इतका वेळ गेला, आणि ‘दोष टॉर्पेडोचा नाही, कप्तानाच्या नेमाचा’ असं म्हणणाऱ्यांचं फावलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये सुधारलेला पहिला टॉर्पेडो काटकोनात फुटतो तेव्हा खेळाडूला होणारा आनंद दोन वर्षांच्या मोहिमेनं कमावलेला असतो.

कोडमध्ये कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते वेळ पळवताना. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर टॉर्पेडो एका फ्रेममध्ये ४० सेंटिमीटर सरकतो, काही अडचण नाही. खेळाडूनं वेळ ३२ पट केली की तोच टॉर्पेडो एका फ्रेममध्ये साडेबारा मीटर उडी मारतो. विनाशिकेची रुंदी दहा मीटरच्या आसपास. टॉर्पेडो तिच्या आरपार जातो आणि खेळाडूला वाटतं, खोल गेला. म्हणून दर फ्रेमला फक्त नवी जागा तपासू नका, जुन्या आणि नव्या जागेमधली पूर्ण रेषा तपासा. कण्याखालच्या चुंबकी तपासणीलाही हेच लागू. खोलीच्या डोलण्याचं गणित मात्र वेळ कितीही पळवली तरी ठरावीक लहान पावलांनी, सेकंदाला वीसदा तरी करा. मोठ्या पावलांनी केलं तर झोपाळा थांबायच्या ऐवजी वाढत जातो आणि टॉर्पेडो पाण्याबाहेर उसळतो.

तपासणी इतिहासानं केली तशीच करा. गेममध्ये जाळं उभं करा, ३ मीटरवर लावलेले शंभर टॉर्पेडो ८०० मीटरवरून सोडा, भोकांची खोली मांडा. सरासरी ६.३ च्या आसपास आली पाहिजे, आणि विखुरलेली पाहिजे, एका रेषेत नव्हे. मग उभा कडा ठेवा, काटकोनात शंभर मारा, मग कडा ४५ अंशांत वळवून शंभर. फुसके दुसऱ्या वेळी निम्मे यायला हवेत.

कड्यावर आकडे बरोबर आले आणि जहाजावर चुकले, तर पहिल्यांदा कोन कशापासून मोजला ते बघा. बहुतेक वेळा तो जहाजाच्या मधल्या सरळ रेषेपासून मोजलेला असतो. जहाजाचं अंग पुढे-मागे निमुळतं होतं, तळाकडे आत वळतं. टॉर्पेडो जिथे लागला त्या पत्र्याच्या तुकड्यापासून कोन मोजा. मग काटकोनात सोडलेला टॉर्पेडो मध्यावर लागला तर ठण्ण वाजतो, आणि तोच पुढच्या निमुळत्या भागावर लागला तर बऱ्याचदा फुटतो.